काय मालवतो?

सोसायटीच्या बर्फाच्या गोदामाला लागून जी खोली आहे,
जिथे आधी डिझेलची कुपनं फाडली जायची,
तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी आमचा इंग्रजीचा वर्ग.
आम्ही सातजणी, आणि एक बाबल खवणेकर,
ज्याला स्कूबावाल्यांकडे नोकरी हवी आहे.
फळ्याच्या कोपऱ्यात बर्फाचा भाव असतो. तो पुसायचा नाही.

त्या दिवशी रोझलिन डांटस बाईंनी लिहिलं: पुट आउट.
पुट म्हणजे ठेवणे. आउट म्हणजे बाहेर.
"बाहेर ठेवणे," मी म्हटलं. चप्पल, मांजर, पाहुण्याची बादली.
"तितकं सोपं असतं तर मी कशाला आले असते
वेंगुर्ल्याहून दोन एसट्या बदलून?"

पुट आउट द लॅम्प. दिवा मालव.
विझव नाही म्हणायचं.
आपल्यात नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, दुकान वाढवतात,
अभद्र तेवढं दाराबाहेर उभं करतात.
माझ्या सासूचं माहेर मालवणचं, तिला तर
रोज रात्री कंदिलाशी गावाचं नाव घेतल्यासारखं वाटायचं.
इंग्रजीत असला संकोच नाही म्हणे,
दिवा बाहेर ठेवला की झालं.

मग बाई सुटल्याच.
सुंगटं वाळत घातली, पुट आउट.
ओळख झाली, हात पुढे केला, पुट आउट.
जाळं ओढताना बाबलचा खांदा निखळला होता, तो पुट आउट.
वादळाची नोटीस लावली, पुट आउट.
होडी समुद्रात लोटली, तेही.
शेवंती तांडेल वहीतून मान वर न करता म्हणाली,
"बाई, ह्या एकट्याकच सगळी कामा?
म्हणजे ता बायलमाणूसच आसतला."

मार्चमध्ये माझ्याकडे डेन्मार्कचा एक माणूस उतरला होता,
निवतीच्या खडकावरच्या पाकोळ्या मोजायला.
पहाटे तीनला चहा हवा होता त्याला,
आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला,
मला तुम्हाला पुट आउट करायचं नाही.
वर्ग तेव्हा सुरू झाला नव्हता. मला एवढंच कळलं
की माझ्याच घरात उभा राहून हा
मला बाहेर ठेवणार नाही म्हणतोय.
मी म्हटलं, नो नो, माय हाउस.
बिचारा तीन दिवस बिनचहाचा होडीत बसला.
त्याला म्हणायचं होतं, माझ्यापायी तुम्हाला तसदी नको.
तसदी देणं आणि मालवणं, दोन्हीला एकच शब्द.
कुणाला सुचलं असेल हे?
शेवंतीला विचारायला हवं.

गृहपाठ, पाच वाक्यं. चार बरोबर आली.
पाचवं मी लिहिलं होतं,
माय हजबंड पुट्स आउट ॲट फोर.
बाईंनी लाल पेनानं गोल केला,
समुद्र राहिलाय, आणि शेजारी मराठीत,
काय मालवतो?

घरी वही उघडी ठेवून बांगडे साफ केले.
चार वाजता काय होतं ते मला पाठ आहे.
तो उठतो. मोरीतला बल्ब लावतो आणि लगेच बंद करतो,
कारण फटीतून उजेड माझ्या उशीवर येतो.
अंधारात चाचपून स्वेटर घालतो, बहुतेक उलटा.
डबा उचलताना झाकण वाजू नये म्हणून वर तळवा ठेवतो.
कडी लावत नाही, दार नुसतं ओढून घेतो.
मी जागीच असते.
तेवीस वर्षं झोपल्याचं सोंग करते,
त्याला पुट आउट करायचं नाही म्हणून.

शुक्रवारी समुद्र घालून वाक्य पुन्हा दाखवलं.
बरोबरची खूण मिळाली.
आधीचं मात्र मी खोडलं नाही.