पन्नास चिमट्या

महिन्याला पन्नास घरांचं मीठ तपासायचं,
असा कागद आला सेनगावहून.
किट म्हणजे अंगठ्याएवढी बाटली
आणि रंगांची एक पट्टी:
पांढरा, फिका जांभळा, गडद जांभळा.

सकाळी गेले तर दारांना कड्या,
बाया कापूस वेचायला.
संध्याकाळी गेले तर गयाबाई उंबऱ्यातच आडवी:
"दिवेलागणीला मीठ देत नसतेत, माय."
म्हटलं, देऊ नका. नुसतं दाखवा,
चिमूटभर, तुमच्याच बशीत.
थेंब पडला. मीठ होतं तसंच राहिलं.
"चांगलं हाय ना? पांढरं फेक?"
तिला कसं सांगावं,
की इथं डाग पडला तरच मीठ चांगलं.

कोंडाबाईच्या ठुशीचा दोरा
पाटवेकऱ्यानं तीनदा वाढवून दिला.
पहिल्यांदा सगळ्या म्हणाल्या, अंगानं भरली,
सासर मानवलं.
दुसऱ्यांदा कुणी काही म्हणालं नाही.
आता ती गळ्याशी पदर धरून बोलते,
घोगरं, थांबत थांबत.
तिच्या धाकट्याला शाळेत मठ्ठ म्हणतात.
हे लिहायला रजिस्टरात जागा नाही,
तिथं तीनच रकाने.

बाजारात मुनीरभाई पोतं उघडून बसलेला.
"पुडा घ्याल तर पंचवीस, हे मापटं दहाला.
आन् खारट तर दोनी सारखंच."
खोटं नाही बोलला तो.
मीही मापटंभर घेतलं, शेळीसाठी.

एकोणपन्नास झाली.
पन्नासावं घर माझं.
पुड्याचं मीठ, मीच आणलेलं,
चुलीशेजारी उघड्या वाडग्यात,
पावसाळाभर वाफ खात पडलेलं.
थेंब टाकला.
वाट पाहिली.
पुन्हा टाकला, जरा बाजूला.

नवरा म्हणाला, किटच जुनं असंल.
असंल.
पण बाटलीवरची तारीख मी वाचली होती.

घरोघर सांगत फिरले, झाकून ठेवा, झाकून ठेवा,
आणि मुलगी माझी नववीत,
जेवल्यावर तिथंच लवंडते,
आम्ही म्हणतो, आळशी आहे.

पन्नासावी ओळ:
नाव, घर नंबर,
पहिल्या रकान्यात खूण.
पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

मग उठले, लोणच्याची रिकामी बरणी घासली,
आणि तिचं झाकण कुठं गेलं म्हणून
रात्री अकरापर्यंत
घर पालथं घातलं.