सराटे

एकतीस वर्षं कौंटीच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवला.
आता त्याच असल्या खडीवरून सायकल दामटतो,
आणि ज्या वळ्यांनी कंबर मोडते
त्यांच्यासाठी शिव्या द्यायला
समोर मीच.

सोमवारी नॉरफोकहून निघालो.
रूळ उखडून केलेली जुन्या रेल्वेची वाट,
दोन्ही बाजूंना मका, मग गवत, मग नुसतंच गवत,
आणि वारा तोंडावर.
नेब्रास्कात वारा पाठीवर असतो म्हणणारा
एक तर मोटारीत असतो
नाहीतर निवडणुकीला उभा.

पिशवीत दोन ट्यूब, प्रोस्टेटच्या गोळ्या,
शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी,
आणि सिनेटरसाहेबांना लिहायची तेरा पोस्टकार्डं.
एकावर लिहिलं: साहेब, इथलं बाळंतपणाचं इस्पितळ बंद झालं,
मुलं सत्तर मैलांवर जन्मतात,
घाईतली असतील तर वाटेतच.
दुसऱ्यावर: पोस्ट दिवसातून दोनच तास उघडं,
हे कार्ड उशिरा आलं तर दोष माझा नव्हे.
उत्तर दरवेळी येतं. "प्रिय मित्र, आपल्या सूचनेबद्दल आभार."
सही शाईची नसते.
थुंकी लावून पाहिलीय मी.

मोटारीतून अंगणातल्या पाट्यांचा फक्त रंग दिसतो.
सायकलवरून पाटीमागचंही दिसतं:
ऑक्सिजनचं नळकांडं, विकायला काढलेली बोट,
व्हीलचेअरसाठी घातलेला लाकडी उतार, अजून कोरा.
मग रंग लक्षात राहत नाही.
खोटं कशाला बोलू, राहतो.
पण जरा उशिरा आठवतो.

ॲटकिन्सनला सकाळी सहाला कॅफेत म्हातारे
कॉफीच्या बिलासाठी फासे टाकत होते.
डेल्मर श्राम म्हणाला, वॉशिंग्टनला सगळे चोर.
म्हटलं, चोराला रात्री जागावं तरी लागतं.
हसले. मग मी ग्रेडरवाल्याचं ज्ञान पाजळलं:
खडीला वळ्या पडतात त्या वेगानं,
जितकं दामटाल तितक्या खोल,
आणि दोन्हीकडचे पुढारी ओरडतात, दाब अजून.
डेल्मर म्हणाला, मग हळू चालवून कुठं पोचायचं?
याचं उत्तर मला आलं नाही.
फासेही माझ्यावरच उलटले. सात कॉफ्या.

बॅसेटच्या अलीकडे सराटे.
दोन्ही चाकं एकदम बसली.
बांधावर टायर मांडीवर घेऊन
एकेक काटा उपटत राहिलो चिमट्यानं.
चिमटा ॲर्डिसचा, भुवयांचा.

एकेचाळीस वर्षं एकाच गाडीतून मतदानाला गेलो आम्ही,
शेजारशेजारच्या आडोशांत उभे राहिलो,
तिनं माझं मत खोडलं, मी तिचं.
येताना बेकरीतून जर्दाळूचं एक कोलाचे, अर्धं अर्धं.
म्हणायची, "लेलँड, घरी बसलो असतो
तरी हिशेब तोच, वर पेट्रोल वाचलं असतं."
बसली मात्र कधी नाही.
न्यूमोनिया झाला त्या वर्षीसुद्धा
अंगावर घोंगडी घेऊन आली,
मला खोडायला.

गेल्या नोव्हेंबरात माझं मत पहिल्यांदा
अख्खंच्या अख्खं मोजलं गेलं.
माझा माणूस निवडूनही आला.
बेकरीतल्या पोरीनं सवयीनं
कोलाचे मधोमध कापून दिलं.

काल व्हॅलेंटाइनच्या पुलावर पोचलो.
खूप खाली नायोब्रारा, तांबूस, कुणाचीच बाजू न घेता
वाळू वाहून नेणारी.
(असली वाक्यं तिला खपत नसत.)
तेरावं कार्ड उरलं होतं.
त्यावर तिचं म्हणणं लिहिलं, करांबद्दलचं आणि शाळांबद्दलचं,
तिच्याच शब्दांत, शिव्या तेवढ्या गाळून.
मला त्यातलं एक अक्षर पटत नाही.
खाली सही केली, शाईनं.

उद्या परत फिरायचं. चार दिवसांची वाट.
आलो तो वारा आता पाठीवर हवा.
पण मोटेलच्या टीव्हीवर सांगत होते,
आज रात्रीत फिरणार आहे म्हणे.