हलवून बघताना

दादांच्या पेटीत वस्तऱ्याशेजारी तुरटीचा खडा असायचा,
गिऱ्हाइकांच्या गालांवर फिरून फिरून
साबणाच्या वडीसारखा झिजलेला.
झोंबलं की लोक स्स् करायचे.
दादा म्हणायचे, झोंबू द्या, कातडं जागं होतंय.

तोच खडा, उन्हाळ्यात टँकर येऊन गेला
की आई रांजणात सात वेळा फिरवायची.
सकाळी गाळ तळाला, वर आरशासारखं पाणी.
निवळलं. आता प्या.

आज बुधवार. मुखेडच्या पुढं, उपकेंद्राच्या ओसरीत
माझ्या हातात पेंटाची कुपी, दहा डोसांची.
हिच्यातही त्या खड्याच्या भावकीतलं कुणीतरी आहे,
तांदळाच्या धुवणासारखं पांढरट.

जंतूचा तुकडा एकटा आत गेला
तर शरीर ढुंकूनही बघत नाही.
दारावरून गेलेला वाटसरू, कुत्रंसुद्धा भुंकत नाही.
हा सोबत असला की मांडीत ठिय्या देतो,
हलत नाही, खुपत राहतो,
आणि पेशी धावत येतात, कोण रे? कुठला रे?
नाव लिहून घेतात, तोंड पाहून ठेवतात,
पुढं कधी खराखुरा आलाच
तर वेशीतच ओळख पटावी म्हणून.

कुपी हलवली. ठेवली. उजेडाकडे धरली.

तळाला चुरा. वर आरशासारखं पाणी.

गोठली होती, रात्री कधीतरी, बर्फाला चिकटून.
घरी निवळलं की प्यायचं,
इथं निवळलं की संपलं.

तांड्यावरून चालत आलेली रेणका आडे, लेकरू झोळीत:
साफ दिसायलंय की सिस्टर, मंग का नको?
हिला रांजण कसा समजावू, खडा कसा समजावू.
रजिस्टरात लाल पेनानं लिहिलं. दुसरी पेटी मागवली.
मोटारसायकल येईस्तोवर दोन वाजले.
ती लिंबाखाली बसून राहिली, माझ्याकडे पाठ करून.

दुसरी कुपी हलवली.
गढूळ. ठेवली तरी गढूळच.
टोचलं.

रात्री साडेदहाला फोन:
अंग तापलंय, मांडीला सुपारीएवढी गाठ आलीय,
काय टोचलाव तुमी?
मागं लेकरू रडत होतं, चांगल्या खणखणीत आवाजात.
दिलेलं औषध पाज, गाठ चोळू नको, म्हटलं.
झोंबू दे, असं तोंडापर्यंत आलं होतं.
गिळलं.