भुवया शेवटी

आधी गोल काढा.
गोल म्हणजे अगदी गोलच असं नाही,
बटाटा चालेल.
नामूरच्या वाचनालयाच्या तळघरात
मंगळवारी संध्याकाळी
बटाट्याला कुणी हसत नाही.

आता एक उभी रेघ, एक आडवी. फिकट.
तोंड जिकडे वळवायचं तिकडे रेघ वाकवा.
डोळे आडवीवर, दोन टिंबं पुरेत.
"आणि पापण्या?" ओडिल विचारते, दर वेळी.
पापण्या नकोत, ओडिल.
चौतीस वर्षं तू बस चालवलीस,
आरशात मागची माणसं ओळखलीस
ती काय पापण्या मोजून?

नाक मनाला येईल तसं.
सहाचा आकडा, एक आकडी, नाहीतर काहीच नाही.
तोंड म्हणजे एक रेघ.
भुवया शेवटी.
लोक म्हणतात, राग नाकाच्या शेंड्यावर असतो.
असेल.
कागदावर मात्र तो भुवईत राहतो,
आणि भीतीही तिथेच, भिंतीपलीकडे,
रेघ जरा तिरकी केली की दार उघडतं.

तिबो बारा वर्षांचा.
पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने
गणिताच्या मास्तरांना सात वेळा रडवलंय.

मागच्या बाकावर गिस्लँ.
म्यूज नदीच्या जलद्वारावर नोकरी केली त्याने,
वाळूच्या, कोळशाच्या बोटी
पाण्यासकट वर उचलल्या, खाली ठेवल्या.
आता त्याचा स्वतःचा दरवाजा अडकलाय.
आजाराने चेहरा थिजवला,
आणि हात, ज्याने गप्प बसायला हवं,
तो दिवसभर थरथरतो.

खरं सांगते, पहिले तीन मंगळवार
मला वाटायचं, याला माझा वर्ग आवडत नाही.
मी विनोद करायची, सगळे हसायचे,
हा आपला बघत राहायचा, थकबाकी मागायला आल्यासारखा.
घरी जाऊन मी त्याला नावंही ठेवली.
मग कोट चढवताना त्याची बायको मार्त म्हणाली,
"हसतो हो तो. फक्त बाहेर पोचत नाही."

त्याच्या बटाट्याला काटे फुटायचे.
"साळिंदर!" तिबो ओरडला.
मी डोळे वटारले, पण गिस्लँने
खोडरबर बाजूला सारला,
साळिंदराला दोन टिंबं दिली, एक आडवी रेघ,
आणि एकच भुवई, उजवी,
पार कपाळाबाहेर चढवलेली.
तळघर दणाणलं.
ओडिलला तर ठसका लागला.
गिस्लँचा चेहरा होता तसाच.
भुवई कागदावर होती, तिथूनच तो आम्हाला बघत होता.

तेव्हापासून त्यांच्या फ्रीजवर चिठ्ठ्या.
सूप खारट: भुवया आत, खाली.
शार्लरवा हरलं: एक वर, एक खाली.
रात्री झोप नाही: दोन्ही वर, मधे उचललेल्या.
मार्त सकाळी चष्मा शोधते
आणि आधी नवरा वाचते, मग पेपर.

गेल्या मंगळवारी ती एकटीच आली,
पर्समधून घडी काढली.
काटेरी बटाटा, टिंबं, आडवी रेघ.
भुवया नाहीत.
"तीन दिवस झाले," म्हणाली, "हाच आहे.
तू शिकवलंस ना? सांग, याचा अर्थ काय?"

एकोणीस वर्षं मी नवशिक्यांना शिकवतेय
की भुवयांवाचून चेहरा अर्धा.
अर्ध्याचा अर्थ काय
हे कुणी विचारलं नव्हतं.

मी गिस्लँला फोन केला.
त्याचा आवाजही आता बारीक झालाय,
तळातून पाणी झिरपावं तसा येतो.
बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाला,
"अजून ठरवलं नाही."

मार्तने कागद परत फ्रीजवर लावला.
शेजारी दोऱ्याला बांधून
एक पेन्सिल टांगून ठेवलीय,
टोक काढून.