बावीस तारा

डंडीला, टे नदीकाठच्या दवाखान्यात
आयलीनं माझ्या कानामागे चकती चिकटवली
आणि संगणकाची कळ दाबली.
अकरा वर्षांनी ऐकू आलं:
पितळी पातेल्यात कुणी वाटाणे ओततंय.
तो तू होतास, यशवंत.
"ऐकू येतंय का गं?" विचारत होतास.
मी म्हटलं, वाटाणे.

आयलीनं कागदावर लिहून दाखवलं:
तुमच्या कानात बावीस तारा. तेवढ्यात भागवायचं.
आमच्याकडे साडेतीन हजार. पण आम्हीही भागवतोच.
आणि हसली. हसणं मी डोळ्यांनी वाचलं.

घरी सीगल, किटली, तू,
दाराच्या फटीतून पडणारी पत्रं,
सगळ्यांचा तोच वाटाणा.
फ्रीजसमोर उभी राहून मी विचारायची,
काय म्हणालास?

मला वाटायचं, जग बाहेर भरून ठेवलेलं असतं
रांजणासारखं,
कानानं नुसती वाटी बुडवायची.
तसं नाही रे.
बाहेर आहे ती थरथर, कुणाच्याच नावाची नसलेली.
इथे आत कुणी पाटी घेऊन बसलंय,
एक मांडतं, शून्य मांडतं, थुंकी लावून पुसतं,
आणि जी बेरीज येईल तिला म्हणतं
पाऊस. म्हणतं दार. म्हणतं नवरा.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी,
कांदा चिरताना तू पाठमोराच म्हणालास,
हळद कुठंय?
ओठ दिसत नव्हते.
तरी वाटाण्यांच्या ढिगातून तुझा ळ निघाला,
घोगरा, जिभेला वळण असलेला.
या अख्ख्या गल्लीत तो दुसऱ्या कुणाचा असणार?

मी डबा दिला. मग हात थांबला.
तो ळ तारांमधून आला,
की अकरा वर्षं मुठीत धरलेला हातचा
मीच बेरजेत मिळवला?
आयलीला विचारलं.
तिनं खांदे उडवले, लिहिलं: सगळ्यांचंच तसं असतं.
आणि पुढची तारीख दिली.

रात्री मी चकती काढून डबीत ठेवते.
अंधारात तू बोलतोस की नाही, माहीत नाही.
मानेवर तुझा श्वास लागतो, तो निराळा हिशेब.
मग पुलावरून शेवटची गाडी जाते,
पलंगाचं लाकूड सांगतं तेवढंच.
गाडीच असेल.
ती थरथर मी पाटीवर घेत नाही.
राहू देते तशीच, बिननावाची,
तिचं ती संपेपर्यंत.