पिवळी ओळ

तीन हजार एकशे बारा ओळी.
त्यात माझ्या चाळीसेक,
त्याही दुरुस्तीच्या, उसवलं तिथे टाका.
मूळ ज्याने लिहिलं
त्याला पत्र टाकलं तर ते परत येतं.

अक्कलकोट रोड, मे, दुपारचे दोन.
पंखा काय करतो, गरम हवा सगळ्यांना सारखी वाटतो.
ओल्या पंचावर पाय ठेवून मी
भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतून
एक जुनं डेटाबेस मॉड्यूल काढत होते.
किल्ली दिली की किंमत सांगायची,
एवढंच त्याचं काम.

काढणं म्हणजे विशेष काही नाही.
फाइल उचलायची, तिच्या चाचण्या उचलायच्या,
जिथे जिथे नाव आलंय तिथून नाव कमी करायचं,
रेशनकार्डावरून करतात तसं,
दाखला जोडून.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
सांभाळायला कोणी नाही.
दोन वर्षं इशारा दिला आहे.
हरकत आली नाही.

इशारा म्हणजे एक पिवळी ओळ,
प्रोग्राम सुरू होताना येते:
हे जाणार आहे, दुसरं काही बघा.

कोणी बोलत नाही म्हणजे कोणी वापरत नाही,
असं आम्ही धरलं.
मलाच आठवायला ऊन उतरावं लागलं.

अशोक चौकाच्या मागे, कोडमांच्या कारखान्यात
एकोणिसाव्या वर्षी मी एक प्रोग्राम लिहून दिला होता,
पंधराशे रुपये आणि दोन चादरींवर.
त्यातली एक अजून अंगावर घेते.

स्कूटर काढली.
बिटला नरसय्या अजून त्याच खुर्चीत,
टेबलावर शेंगाचटणीचा डबा, कानात सुताची धूळ.
मशीन नवं होतं, मालकांच्या भाच्यानं
दोन वर्षांपूर्वी बसवलेलं. प्रोग्राम माझाच.
त्यांनी बटण दाबलं.
पिवळी ओळ आली.
स्क्रीनच्या कडेला, बरोबर ती येते तिथे,
कुंकवाचं बोट.

"ही यायला लागल्यापासनं ताई,
मशीन एकदा बी अडकलं नाही.
आधीचं किती अडकायचं."

इंग्रजी त्यांना येत नाही.
रोज सकाळी ओळ बघायची, एंटर मारायचा, चहा सांगायचा.

मी सांगितलं. हे मी आज काढलं.
म्हणजे इथलं नाही जात, भाषा नवी आणली तर जाईल.
ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.
"मग नवी आणतंय कोण?"

तरी बसले.
अकरा हजार चारशे आठ नोंदी
साध्या कागदासारख्या फाइलीत उतरवल्या.
नक्षी नंबर, रंग, नग, माग, येणं, देणं.
माग नऊच्या किल्लीला वडिलांचं नाव निघालं.
मरून, सत्तावीस नग,
देणे बाकी तीनशे चाळीस.
माणूस गेला तर काय लिहायचं
याचा कॉलमच मी ठेवला नव्हता,
त्यामुळे नायना अजून कामावर होते.

नरसय्यांनी वाकून वाचलं,
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
मग गल्ला उघडून तीनशे चाळीस मोजले,
दहाच्या नोटा धरून, वहीत माझी सही घेतली.
मी नको म्हणायला हवं होतं का, माहीत नाही.
हिशोब तर माझ्याच प्रोग्रामने सांगितला होता.

रात्री अकराला नवं चालू झालं.
झटकन उघडलं, काही न बोलता.
काढलेलं मी परत ठेवलं नाही. ठेवायचं कारणही नव्हतं.

नरसय्या रिकाम्या स्क्रीनकडे बघत होते.
"सगळं बरंय," म्हणाले,
"पण ती ओळ तेवढी ठेवा."
तिचा आता अर्थ काही नाही, मी म्हटलं,
काय लिहू त्यात?

"काय बी लिहा.
पिवळी पाहिजे."