रक्कम अक्षरी

बँकेचं नाव बदललं तेव्हा जुन्या स्लिपांचे गठ्ठे
भंगारात जायचे होते. दोन मी घरी आणले.
सात-चाळीसची फेरीबोट गाठायच्या आधी
एका स्लिपेच्या कोऱ्या पाठीवर रोज काहीतरी लिहिते,
मिठाच्या बरणीखाली ठेवते.
एवढीच आमची शाळा.
नेत्रा उठते दहाला.

पहिल्या आठवड्यात मला चेव चढला होता.
त्रिकोण, पेशीभित्तिका, प्लासीची लढाई,
सगळं एकाच स्लिपेवर, बारीक अक्षरात.
संध्याकाळी बरणी तिथेच, चिठ्ठी तिथेच,
वर पेजेचा एक वाळलेला थेंब.

मग घासाएवढं लिहायला लागले.
'ऑक्टोपसला हृदयं किती? तीन.'
तिने स्लिप उलटली होती. जिथे बँक विचारते
रक्कम अक्षरी, तिथे पेन्सिलीने:
तीन फक्त.

त्या दिवशी काउंटरवर मी एकटीच हसले
आणि एका म्हाताऱ्याला शंभराची नोट जास्त दिली.
(त्याने परत केली. चोडणचाच होता.)

'चावी पोर्तुगिजांबरोबर आली,
कुलूप त्याही आधी अरबीतून.'
उत्तर: मग दार कुणाचं?
दोन दिवस शोधलं. दार आपलंच निघालं.
तिच्या खोलीचं मात्र मी हल्ली वाजवत नाही,
चहा ठेवते, कप खाली टेकल्याचा आवाज होईल इतपत.

मार्चमध्ये लिहिलं, 'मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळतो,
पाणी शंभरला. हे बावीस अंश कुठे दिसतात ते बघ.'
सात महिन्यांत पहिल्यांदा ती फाटकाबाहेर गेली,
बोस्त्यांवच्या काजूभट्टीवर.
केसांत धूर घेऊन आली, आणि भूक.
म्हापशाहून मोठ्या जाऊबाईंचा फोन:
पोरीला आता दारू गाळायला शिकवतेस?
मी म्हटलं, हो.

काल फेरीबोट गाळात रुतली, घरी यायला रात्र झाली.
बरणीखाली स्लिप होती, माझी नव्हे.
कोऱ्या बाजूला तिचं अक्षर, थोडं मोठं झालेलं:

'खाजनाच्या मानशीवर गेले होते. तिसरा दिवस.
भरती परवा दोन-तीसला, काल तीन-वीसला, आज चार-दहाला.
मी विचारलं, रोज उशीर का?
बोस्त्यांवकाका म्हणाले, उदकाक घाय ना, बाय.
(चंद्रामुळे. मी नंतर वाचलं.)
मानशीच्या दाराला कडी नाही, चावी नाही.
बाहेरचं पाणी चढलं की आपसूक मिटतं,
उतरलं की आतलं पाणी ढकलून उघडतं.
भात करपलाय. वरचा खा.'

वरचा खाल्ला. खालचाही.
स्लिप उलटली. नाव, खाते क्रमांक, तारीख,
सगळे रकाने तिने रिकामे ठेवलेत माझ्यासाठी.
साडेअकरा वाजलेत.
रक्कम अक्षरीपाशी पेन टेकवून बसलेय,
शाईचा ठिपका मोठा होतोय.